हरकततात्या

संतोषच्या हॉटेलासमोर पेरूचा एक गाडा उभा असतो. उन्हासाठी त्याच्यावर एक जुना फ्लेक्स बांधलाय, छापलेली बाजू खाली करून. पेरू निवडताना मान वर केली तर दिल्लीच्या गोल इमारतीचं चित्र दिसतं, शेजारी हात जोडून उभे असलेले तात्या, आणि खाली अक्षरं: ‘आमच्या गावाचा आवाज संसदेत पोहोचवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेला संतोष. मी तिथे पेरू घेणं बंद केलंय. पेरूंचा काही दोष नाही.

गाव इंदापूर तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हायवेला खेटून. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला आग्रहाने चहाला थांबवतात आणि माझा राग अजून गेलेला नाही. चहा पिऊन झाल्यावर नाव घेऊन लिहिणं मला जमणार नाही.

तात्यांचं नाव भगवान. घराणं मेंढपाळांचं. वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन घेतली आणि धाकट्या पोराला शिकायला घातलं. ते पोरगं शिकत शिकत थेट दिल्लीला गेलं आणि संसदेच्या सचिवालयात चिकटलं. सदस्य जे प्रश्न विचारणार, जे तातडीचे विषय मांडणार, त्यांच्या नोटिसा जिथे घेतात, तपासतात, नियमात बसत नसतील तर परत पाठवतात, त्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर बायको गेली, मुलगी सासरी रमली, आणि तात्या गावी परतले. येताना त्यांनी दिल्लीहून करड्या रंगाचे सफारी, टेबलावरची एक पितळी घंटा आणि संसदेचे सगळे नियम बरोबर आणले. सफारी पेटीत होते, नियम डोक्यात. गावाला वर्षभरात तिन्ही गोष्टींचा वैताग आला.

कारण तात्या कशावरही हरकतीचा मुद्दा काढायचे. ग्रामपंचायतीत, पतपेढीच्या सभेत, देवळातल्या भजनी मंडळात. पोरांनी नाव ठेवलं ‘हरकततात्या’, आणि तात्यांना ते मनापासून आवडलं. आपण फार मोठे आहोत असं त्यांना वाटायचं आणि ते लपवायची त्यांची इच्छाही नसायची. जेवायला बसले तरी भाषा तीच. “उपप्रश्न हाय. आमटी उरलीय का?” असं ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे. त्यांची थोरली बहीण, यसाअक्का, पातेलं पुढे सरकवत म्हणायची, “गप जेव.” संसदेचा एकही नियम अक्काला लागू नव्हता. लहानपणी मेंढरांमागे चालताना तात्यांचे पाय दुखले की अक्का त्यांना पाठीवर घेऊन चालायची. अशा माणसापुढे घंटा वाजवून उपयोग नसतो.

एका लग्नातली गोष्ट सांगते. मानपानावरून नवरदेवाचा मामा तापला होता, ताटावर बसायला तयार नव्हता, आणि मांडवात नेहमीसारखा आवाज चढत चालला होता. तात्या उठले. हात वर करून मामांना म्हणाले, “तुमची हरकत मला मान्य हाय. पण हरकत घ्यायची तर कुठला नियम मोडला त्ये सांगावं लागतं. नियम सांगा.” मामा गोंधळला. आहेर दिला नव्हता का, तर दिला होता. टोपी घातली नव्हती का, तर ती डोक्यावरच होती. “नियम न्हाय तर हरकत न्हाय. बसा,” तात्या म्हणाले, आणि मामा खरोखरच बसला. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दिल्लीत भलेभले असेच बसलेले त्यांनी पाहिलेत.

मी बारामतीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आमच्याकडे दरवर्षी मुलं अभिरूप संसद भरवतात, आणि तात्यांबद्दल ऐकून मी त्यांना अध्यक्षांच्या खुर्चीवर बसायला बोलावलं होतं. मुलांनी टीव्हीवर जे पाहिलं होतं तेच केलं. पहिल्याच प्रश्नाला दोन्ही बाजूंची पोरं पुढे धावली, कागद उडाले, घोषणा झाल्या. प्रेक्षकांत बसलेल्या पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, म्हातारा आता चिडणार. तात्या शांत बसून राहिले. पोरं दमली तेव्हा घंटा वाजवून त्यांनी सभागृह तहकूब केलं. मग खुर्चीवरूनच म्हणाले, “आज शून्य प्रहरात एका मुलीला तिच्या गावच्या रेल्वे फाटकाबद्दल बोलायचं होतं. तिनं रात्रभर पाठ केलं होतं. तिची वेळ गेली. घोषणा दिलेल्यांनी तिला काय ते सांगावं.” ती मुलगी मागच्या बाकावर होती. घोषणा देणारा आमचा सगळ्यात हुशार मुलगा तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला. त्यानंतर दर वर्षी तात्या आले, आणि दर वर्षी त्यांनी पाहुण्यांच्या भाषणावरही घंटा वाजवली.

गावात त्यांनी एक काम मात्र मन लावून केलं. पूर्वी तिथली ग्रामसभा म्हणजे शिपाई घरोघर हिंडून सह्या आणायचा. तात्यांनी ते बंद पाडलं. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरायला लागली. गणपूर्ती झाल्याशिवाय सुरुवात नाही. ठराव आधी वाचायचा, मग बाजूने बोलायचं, मग विरोधात, मग आवाजी मतदान, आणि शंका असली तर हात वर करून मोजणी. बायकांचे हात वेगळे मोजायचे, म्हणजे नवऱ्याच्या हाताबरोबर तिचा धरला जात नाही. सरपंचांनी हळूहळू सभा चालवायचं कामच त्यांच्यावर सोपवलं. तात्या घंटा घेऊन बसायचे आणि गाव हसत का होईना, रांगेत बसायचं.

आता मुद्द्याचं. हायवे गावाला मधोमध चिरून गेलाय. वस्ती अलीकडे, निम्मी शेती आणि चराईचा माळ पलीकडे. ओलांडायचं तर दुभाजकात गावाच्या समोर एक फट आहे, तिला सगळे ‘कट’ म्हणतात. त्या कटमधून गाड्याही वळतात, शाळेची पोरंही पळतात, आणि बाया डोक्यावर भारे घेऊन जातात. त्या रस्त्याने गावातली किती माणसं घेतली हे कुणी बोलत नाही. एका सकाळी एका ट्रकने यसाअक्काच्या कळपाला मध्येच चिरडलं. अक्का वाचली, पण कमरेतून वाकली ती वाकलीच. उरलेल्या शेरडा-मेंढरांना घेऊन ती नंतरही रोज त्याच कटमधून पलीकडे जात राहिली. दुसरा रस्ताच नव्हता.

तात्यांनी ठरवलं, भुयारी मार्ग मागायचा आणि तो संसदेत मागायचा.

संतोषच्या हॉटेलात बैठक झाली. संतोष म्हणजे तात्यांच्या मधल्या भावाचा मुलगा. कटच्या अगदी तोंडाशी त्याचं हॉटेल, आणि अक्का राहायची त्याच्याच घरात. बैठकीत प्रत्येकाने आपली मागणी सांगितली: पाणी, गटार, शाळेची भिंत. तात्या एकेक विषय बाजूला काढत गेले. पाणी राज्याचं, गटार पंचायतीचं, शाळा जिल्हा परिषदेची. दिल्लीत दुसऱ्याचा विषय नेला की नोटीस तिथल्या तिथे परत. शेवटी कुणीतरी वैतागून विचारलं, “मंग दिल्लीचं हितं हाय तरी काय?” तात्यांनी दारातून बाहेर बोट दाखवलं. बाहेर ट्रक धडधडत चालले होते. “ह्यो,” ते म्हणाले.

स्थानिक पुढाऱ्यांकडे जायला ते तयार नव्हते. गावात दोन पार्ट्या. एकीकडे गेलं की दुसरी आडवी पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका जुन्या सदस्याला गाठलं. हा माणूस पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याला नोटीस लिहायला तात्यांनीच शिकवलं होतं. बोलायला मिळतात दोन-तीन मिनिटं. त्यासाठी तात्या आठवडाभर लिहीत आणि खोडत बसले होते. मला फोन करून वाचून दाखवायचे आणि मी चांगलंय म्हटलं की आणखी दोन वाक्यं काढायचे. त्यांना ते अजून लांबच वाटायचं. एकदा वैतागून त्यांनी अक्कालाच विचारलं, तुला काय मागायचंय ते एका दमात सांग. अक्का म्हणाली, “मला काय मागायचंय? पलीकडं जायचंय आन् माघारी यायचंय.”

तात्यांनी बाकीचं बरंचसं खोडलं आणि ते वाक्य ठेवलं.

ज्या दिवशी विषय लागला त्या दिवशी तात्यांनी मलाही बोलावलं होतं. हॉटेलात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांनी त्या सदस्याचं नाव पुकारलं आणि तात्या आपोआप उभे राहिले. विषय संपेपर्यंत ते उभेच होते. सदस्य हिंदीत बोलले. शेवटी म्हणाले, की तिथल्या एका वृद्ध महिलेचं म्हणणं एवढंच आहे, तिला पलीकडे जायचंय आणि परत यायचंय. मागे भिंतीला टेकून बसलेल्या अक्काने विचारलं, “ह्यो माणूस माझं का बोलतोय?” तात्या म्हणाले, “तुझंच बोलतोय.” अक्काने पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. संतोषने पेढे वाटले. तो फ्लेक्स त्याच आठवड्यात लागला, हॉटेलाच्या माथ्यावर.

काही महिन्यांनी रस्त्याचे साहेब आले. मोजमापं घेतली, आणि भुयारी मार्ग होऊ शकतो असं म्हणाले. फक्त एक गोष्ट होती. भुयारी मार्ग झाला की दुभाजकातला कट बंद करावा लागणार. त्याला गावाची हरकत नाही, असा ग्रामसभेचा ठराव हवा. तात्या खुशीत होते. संतोषने साहेबांना चहा दिला, हसून दिला, आणि त्याच संध्याकाळपासून तो घरोघर हिंडायला लागला.

त्याची बाजूही सांगायला पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. तो मलाच म्हणाला होता, “मॅडम, कट हाय म्हणून गाडी वळती. वळती म्हणून थांबती. कट बंद झाला तर आमी कुणाला चहा पाजायचा?” त्याचं हॉटेल, पेरूचे गाडे, पंक्चरचं दुकान, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, गावातल्या कितीतरी घरांची चूल त्या फटीवर पेटत होती. हे त्याने ग्रामसभेत उठून सांगितलं असतं तर तात्यांनी त्याला पूर्ण वेळ दिला असता. कदाचित दुसरी जागा शोधली असती. भांडले असते, पण ऐकलं असतं.

मी तात्यांना सावध केलं. म्हटलं, तात्या, तोही फिरतोय, तुम्हीही चार घरी जाऊन या. त्यांना ते अजिबात पटलं नाही. मतदानाआधी सदस्याच्या कानाला लागणं त्यांना शोभत नव्हतं. “बाई, चर्चा सभेत करायची असती. ज्याला जे म्हणायचंय त्ये तितं म्हणंल,” ते म्हणाले. आपण शिकवलेल्या माणसांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मला तेव्हाच त्यांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांचं कौतुक वाटलं.

ग्रामसभेला मी माझ्या वर्गाला घेऊन गेले. ग्रामसभा कशी चालते ते पाहा, असं मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगून नेलं होतं. शेड भरली होती. गणपूर्ती मोजली गेली. तात्यांनी स्वतः ठराव वाचला. मग विचारलं, बाजूने कुणाला बोलायचंय. शाळेच्या मास्तरीणबाई बोलल्या. मग विचारलं, विरोधात कुणाला बोलायचंय. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा संतोषकडे पाहून विचारलं. संतोष मोबाइलकडे बघत होता. तात्यांचा चेहरा उजळला. विरोध नाही असं त्यांना वाटलं.

आवाजी मतदानात ‘होय’ आला तो बारीक. ‘नाही’ आला तेव्हा वरचा पत्रा हलला.

तात्यांनी घंटा खाली ठेवली आणि ‘नाही’चे हात मोजायला उठले. पुरुषांच्या रांगांतून ते सावकाश चालत गेले. ज्यांचे अर्ज त्यांनी लिहून दिले होते, ज्यांच्या पोरांचे दाखले त्यांनी इंदापूरच्या तहसिलात खेटे घालून मिळवून दिले होते, त्या सगळ्यांचे हात वर होते आणि नजरा खाली. मग ते बायकांच्या बाजूला वळले. तिथे संतोषच्या बायकोशेजारी यसाअक्का बसली होती. तिचा हात वर होता. वाकलेल्या कमरेमुळे फार वर जात नव्हता, म्हणून तिने तो दुसऱ्या हाताने कोपरात धरला होता.

तात्या तिच्यासमोर थांबले. ती जमिनीकडे बघत होती. तात्यांनी तिचा हात मोजला आणि पुढच्या बाईकडे गेले.

खुर्चीवर येऊन त्यांनी निकाल सांगितला. आवाज नेहमीचाच होता. “न्हाय म्हणणाऱ्यांचं बहुमत हाय. ठराव नामंजूर.” मग ग्रामसेवकाला, आकडे दोनदा तपासून लिहा, असंही सांगितलं. माझ्या एका विद्यार्थ्याने मला हळूच विचारलं, की हे बरोबर झालं का. मी म्हटलं, नियमाने अगदी बरोबर झालं. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाने.

बाहेर मी अक्काला गाठलं. मला राहवलं नाही. म्हटलं, अक्का, हे तुमच्यासाठीच चाललं होतं. ती चपला शोधत होती. म्हणाली, “व्हय की. माझ्यासाठीच चाललं हुतं. पर भाकर मी कुणाच्या घरची खाती?” तिच्यावर चिडणं मला जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणून मी आणखीच चिडले.

तात्यांनी त्या दिवशी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सभेने निर्णय घेतल्यावर सभेबाहेर त्यावर बोलायचं नसतं, हाही त्यांचा नियम. पुढे महिन्याभराने बारामतीला डोळे तपासायला आले तेव्हा माझ्या घरी टेकले, आणि चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत बसले. त्यांना संसदेतल्या त्या सदस्याचा फोन आला होता. कामाचं कुठवर आलं, असं त्याने आपुलकीने विचारलं होतं, आणि तात्यांना सांगावं लागलं होतं की गावालाच ते नको आहे.

“त्याच्या मतदारसंघात एका पुलाचा विषय व्हता,” तात्या म्हणाले. “त्यो मागं ठेवून त्यानं माझा घेतला. तितल्या लोकांची वेळ मी हितं आणली बाई.” मग म्हणाले, “संतोषचं मला काय वाटलं न्हाय. त्याचं पोट हाय. पण एकानं तरी उठून बोलायचं. मी तीनदा विचारलं. माझ्या तोंडावर न्हाय म्हणायचं व्हतं. एवढं तरी त्यांनी शिकायला पायजे व्हतं.”

मी अक्काचं नाव काढलं. त्यांनी कप उचलला आणि एका दमात संपवला. “दगा झाला,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. संसदेत तो चालतो की नाही मला माहीत नाही.

त्यानंतर तात्या ग्रामसभेला गेले नाहीत. सह्या पुन्हा घरोघर जाऊन घ्यायला लागले, आणि आता ते सोयीचं पडतं असं गावात सगळे म्हणतात. अभिरूप संसदेसाठी मी बोलावणं धाडलं, तर त्यांनी घंटा पाठवून दिली, एका शेजाऱ्याच्या हाती. ती माझ्या टेबलावर आहे. वाजवावीशी वाटत नाही. संतोषच्या हॉटेलावरचा फ्लेक्स निवडणुकीच्या धामधुमीत खाली उतरला आणि गाड्यावर गेला.

गेल्या हिवाळ्यात सकाळी मी इंदापूरहून एसटीने परत येत होते. गावाजवळ गाडीने करकचून ब्रेक दाबला आणि सगळे पुढच्या बाकांवर आदळले. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून एक शिवी दिली, पण मनापासून नाही, रोजची असावी तशी. मी वाकून पुढे पाहिलं. कटच्या समोर, रस्त्याच्या मधोमध, करड्या सफारीतले तात्या उभे होते. उजवा हात सरळ वर. त्यांच्यासमोर आमची एसटी, एक उसाचा ट्रॅक्टर आणि दोन कंटेनर थांबले होते. मागून हॉर्न वाजत होते. तात्या कुणाकडेच बघत नव्हते.

त्यांच्या पाठीमागून यसाअक्का काठी टेकत चालली होती. पुढे चार शेरडं आणि मेंढरं. तिने भावाकडे पाहिलं नाही, भावानेही तिच्याकडे पाहिलं नाही. एक करडू मध्येच थांबलं, तेव्हा तात्यांनी हात तसाच वर ठेवून त्याला पायाने हलकेच पुढे ढकललं.

माझ्या शेजारच्या बाईने कंडक्टरला विचारलं, कोण आहे हा म्हातारा. “हरकततात्या,” कंडक्टर म्हणाला. “रोज असतंय. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा. म्हातारी पलीकडं गेल्याबिगर सोडत न्हाय.”

“बोलतात का एकमेकांशी?” मी विचारलं.

“न्हाय बा. आजपातुर तरी बघितलं न्हाय.”

अक्का पलीकडच्या कडेला पोचली. तात्यांनी हात खाली घेतला, सफारीचा खिसा सारखा केला आणि रस्त्यातून बाजूला झाले. गाडी सुटली. मी मागे वळून पाहिलं तर ते कटच्या तोंडाशी, दुभाजकाच्या दगडावर बसले होते. घरी जायच्या घाईत दिसत नव्हते. तिला अजून माघारी यायचं होतं.